तीन पिढ्या, दोन महिने आणि युरोपातल्या आगगाड्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी-आजोबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, आजींना मधुमेह, आजोबांचे गुडघे कुरकुरणारे. सोबत आई-बाबा, १३ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. हे सहा जण एप्रिलच्या मध्यापासून दोन महिने युरोपात रेल्वेनं फिरणार आहेत. पॅरिस, मग जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि शेवटी स्वित्झर्लंड. इतक्या लांबच्या प्रवासात ऐनवेळी काय काय समोर येऊ शकतं, त्यासाठी काय तयारी करावी, आणि आजी-आजोबांना महिन्याभरानं परत पाठवावं का, असं विचारलंय.

कुटुंबांच्या लांब सहली आखून देणं आणि गरज पडेल तिथे सोबत जाणं, हेच माझं गेली अनेक वर्षं काम आहे. म्हणून आधी आराखड्याबद्दल बोलते. तुम्ही पाठवलेला आराखडा सुंदर आहे, पण त्यात एकही दिवस रिकामा नाही. दर दोन-तीन दिवसांनी गाव बदलतंय आणि एका दिवशी तर तीन गाड्या बदलायच्या आहेत. माझ्या अनुभवात कुटुंबाची तारांबळ उडते ती बहुतेक वेळा गाव सोडताना किंवा गाडी बदलताना. एका जागी चार दिवस राहिलेल्या कुटुंबावर सहसा काही गुदरत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हे सांधे कमी करा. बारा गावांची सात करा. दर पाच-सहा दिवसांमागे एक दिवस असा ठेवा की ज्या दिवसाचं कसलंच तिकीट काढलेलं नाही. हातचा राखलेला दिवस असला की हुकलेली गाडी ही फक्त हुकलेली गाडी राहते. नसला की तिच्या मागोमाग हॉटेल, पुढचं आरक्षण, संग्रहालयाची ठरावीक वेळ हे सगळं कोसळत जातं, आणि मग घरातली माणसं एकमेकांवर चिडायला लागतात.

आता सांध्यांबद्दल जरा खोलात जाते, कारण खरं नाट्य तिथेच घडतं.

पॅरिसमध्ये मोठी स्थानकं अनेक आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. ब्रसेल्स किंवा लंडनकडून येणारी गाडी गार द्यू नोरला येते, लिऑनकडे जाणारी गार द लिऑनहून सुटते आणि स्ट्रासबूर्गमार्गे जर्मनीत जाणारी गार द लेस्तहून. तुमच्या आराखड्यात स्थानक बदलायला पाऊण तास धरलाय. आजोबा आणि सहा बॅगा सोबत असताना दीड तासाच्या खाली जाऊ नका. इटलीत व्हेनिसची दोन स्थानकं आहेत. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, तर सांता लुचिया पूल ओलांडल्यावर प्रत्यक्ष व्हेनिसच्या कालव्याकाठी. ‘व्हेनेझिया’ एवढंच वाचून लोक मेस्त्रेला उतरतात. ऑस्ट्रियातल्या हाल्श्टाटचं स्थानक तळ्याच्या एका काठावर आहे आणि गाव समोरच्या काठावर. गाडीच्या वेळेला जुळवून होडी सुटते. संध्याकाळची शेवटची होडी कधी आहे ते आधी बघून ठेवा. तिच्यानंतरच्या गाडीनं पोचलात तर समोर दिवे दिसतील आणि मधे नुसतं पाणी असेल.

जर्मनीतली एक गोष्ट मात्र प्रत्येक कुटुंबाला बसवून समजावते. तिथल्या काही लांब पल्ल्याच्या गाड्या दोन जोडलेल्या भागांच्या असतात आणि वाटेत त्यांचे दोन तुकडे होतात. बर्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या अशा गाड्यांचे हाम्म स्थानकात दोन भाग वेगळे होतात. एक भाग हागेन-वुपरटालमार्गे कलोनला जातो, दुसरा डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फकडे. धावत्या गाडीत या भागातून त्या भागात जाता येत नाही. मी ज्यांची सहल आखली होती अशा एका कुटुंबाचं नेमकं हेच झालं. बर्लिनला फलाटावर धावपळ झाली, दारं बंद होत होती, म्हणून आजोबा आणि नात समोर दिसलं त्या दारातून चढले. बाकीचे पुढच्या भागात. गाडी सुटल्यावर अर्ध्या तासानं नातीच्या लक्षात आलं की डब्यातल्या पडद्यावर शेवटचं स्थानक ड्युसेलडॉर्फ दाखवताहेत, आणि जायचंय तर कलोनला.

तिनं आईला फोन लावला, आईनं मला. हाम्मला गाडी काही मिनिटं थांबते, तेवढ्यात उतरून फलाटावरून पलीकडच्या भागात जाता येतं, तरण्या माणसांना. आजोबांच्या पायांचा विचार करून मी नको म्हटलं. दोघांनी निवांत ड्युसेलडॉर्फपर्यंत बसून राहायचं, तिथून कलोनची पुढची गाडी घ्यायची (जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता आहे) आणि कलोनच्या मुख्य स्थानकात माहिती-खिडकीपाशी भेटायचं, असं ठरलं. तिकीट तपासनिसाला नातीनं मोबाईलवर दोन्ही तिकिटं दाखवून काय झालं ते सांगितलं, त्यानं समजून घेतलं. बाकीच्यांनंतर तासाभरानं दोघं पोचले. आजोबा खुशीत होते. त्यांना एसेन आणि डुइसबुर्गची जुनी कारखानदारी खिडकीतून बघायला मिळाली होती. ते आयुष्यभर पोलाद कारखान्यात होते, आणि ही गावं आमच्या आराखड्यात कुठेच नव्हती. त्या कुटुंबाला आजही त्या सहलीतलं सगळ्यात आधी आठवतं ते हे.

यात नशिबाचा भाग कमी होता. आजोबांच्या खिशात कलोनच्या हॉटेलचं नाव-पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड होतं. नातीला गाडीतली पाटी वाचायची सवय लावली होती. त्या दोघांकडे पैसे होते, एक कार्ड होतं आणि आजोबांच्या गोळ्या आजोबांच्याच पिशवीत होत्या. थोडक्यात, त्या दोघांना तासभर बाकीच्यांची गरज नव्हती. तुमच्या कुटुंबातल्या प्रत्येकाच्या बाबतीत हीच कसोटी लावा: हा माणूस अचानक एकटा पडला तर त्याचा एक तास धड जाईल का? सात वर्षांच्या मुलाच्याही. त्याला आईचा नंबर पाठ पाहिजे, आणि आपण जिथे आहोत तिथेच उभं राहायचं, हे पक्कं माहीत पाहिजे.

फोन लागला नाही तर काय, याचाही एकच नियम सगळ्यांसाठी ठरवून टाका. जो गाडीत राहिला, त्यानं पुढच्या थांब्यावर उतरून त्याच फलाटावर थांबायचं. जे खाली राहिले, त्यांनी पुढच्या गाडीनं त्याच्याकडे जायचं. त्यानं परतीची गाडी घ्यायची नाही, नाहीतर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना ओलांडून जातात. मेस्त्रेसारख्या ठिकाणी हे फार सोपं आहे. पुढचा थांबा सांता लुचिया, दहा-बारा मिनिटांवर, आणि गाड्या सारख्या असतात.

जर्मनीतल्या फलाटांवर ए, बी, सी, डी अशा अक्षरांच्या पाट्या असतात आणि आपला डबा कोणत्या अक्षरासमोर येणार ते फलकावर आधी दाखवतात. हे काम तुमच्या १३ वर्षांच्या मुलीला द्या, अगदी अधिकृतपणे. या वयाची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा जास्त मन लावून करतात. शिवाय दोन महिने नुसतं ओढत नेल्यासारखं त्यांना वाटत नाही.

तिकिटांबद्दल एक कळीची गोष्ट. स्वस्त पडतं म्हणून लोक एकाच दिवसाच्या प्रवासाचे तुकडे करून वेगवेगळी तिकिटं काढतात. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम जून २०२३ पासून लागू आहे. सलग एकच तिकीट असेल, पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची हुकली, तर तुम्हाला पुढे पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची राहते. मुक्कामाला ६० ते ११९ मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. असामान्य वादळ-पुरासारख्या कारणांत ही भरपाई मिळत नाही, पण रात्र अडकून पडायची वेळ आली तर शक्य असेल तिथे राहण्याची सोय करणं त्यांना भाग असतं. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं असतील तर हुकलेली पुढची गाडी तुमच्या खिशातून जाते. सहा जणांची. ज्या दिवशी दोनपेक्षा जास्त गाड्या आहेत, त्या दिवशी तरी तुकडे करू नका.

रेल्वे पास घेणार असाल तर युरेलमध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांसोबत मोफत असतो, पण तो काढावा लागतो. मुलगी १२ च्या पुढची, म्हणून तिला युवा पास लागेल. आजी-आजोबांना साठीपुढची सवलत आहे. फ्रान्सच्या अतिवेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं आहे आणि पासधारकांसाठीच्या जागा मोजक्या असतात. तिकडचा टप्पा सगळ्यात आधी पक्का करा.

रात्रीची गाडी एकदा तरी घ्याच. व्हिएन्ना किंवा म्युनिकहून इटलीत जाणाऱ्या गाड्यांत जुन्या पद्धतीच्या डब्यात सहा बर्थचा कप्पा मिळतो, तो पूर्णच तुमचा. नव्या डब्यांत तो चार बर्थचा असतो, तिथे दोघं वेगळे पडतील, म्हणून आरक्षण करताना बघून घ्या. आजी-आजोबांना खालचे बर्थ. मुलांच्या दृष्टीनं सगळ्या सहलीतली ही सर्वांत मोठी मौज असते.

संप. फ्रान्स आणि इटलीत दोन महिने काढणाऱ्याला संप भेटणारच असं धरून चला. फ्रान्समध्ये संपकाळात कोणत्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास जाहीर होतं. इटलीत संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक स्थानिक गाड्या चालवाव्याच लागतात. तिथल्याच चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या गावांत माझ्यासोबतचं एक कुटुंब असंच दुपारी अडकलं. संध्याकाळी सहानंतर गाडी मिळणार हे माहीत होतं, म्हणून कुणी स्थानकात डोकं धरून बसलं नाही. मोंतेरोस्सोच्या किनाऱ्यावर मुलं चार तास पाण्यात होती आणि आजी पाय बुडवून बसली होती. ठरल्याप्रमाणे त्या दुपारी आम्ही फ्लोरेन्सच्या एका संग्रहालयाच्या रांगेत असायला हवे होतो.

तुमच्या तारखांमुळे आणखी दोन गोष्टी. १ मेला जवळजवळ सगळं बंद असतं आणि मेमधल्या जोडसुट्ट्यांना गाड्या तुडुंब भरतात. त्या दिवसांत गाव बदलू नका. आणि एप्रिल-मेमध्ये आल्प्समधल्या बऱ्याच रोपवे देखभालीसाठी बंद असतात, उंचावरच्या घाटांवर बर्फ असतं. स्वित्झर्लंड शेवटी, जूनमध्ये ठेवलंत ते अगदी बरोबर केलंत. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्थानकांतली मात्र उघडी असतात. सुटी नाणी जवळ ठेवा, स्थानकांतल्या स्वच्छतागृहांना लागतात.

आता आजींचा मधुमेह. इथे मी कसलीच तडजोड करू देत नाही. इन्सुलिन आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत, त्यातही दोन वाटे करून दोन वेगवेगळ्या माणसांकडे. विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेत इन्सुलिन गोठू शकतं. विमानतळावर १०० मिलिलिटरची मर्यादा औषधांना लागू नाही, पण डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. औषधांची यादी ब्रँडच्या नावानं न करता मूळ औषधाच्या नावानं, मात्रेसह, इंग्रजीत टाइप करून घ्या, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या औषधविक्रेत्याला काहीच सांगत नाही. प्रतिजैविकं आणि बरीचशी औषधं तिथे चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पूर्ण दोन महिन्यांचा आणि वर पंधरा दिवसांचा साठा न्या. तातडीसाठी ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही मोफत चालतो. जीवावरचं नाही पण डॉक्टर हवाय, अशा वेळी जर्मनीत ११६११७ आहे.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तेवढ्यावर थांबू नका. व्हिसापुरत्या घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचा आजार धरलेला नसतो. आजींसाठी हे कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा, नाहीतर नंतर दावा अडतो.

आजोबांसाठी स्थानकांवर मदतनीस आणि रॅम्पची सोय मोफत मिळते, पण आधी कळवावं लागतं: रेल्वेला एक-दीड दिवस, विमान कंपनीला ४८ तास. चालता येतंय की, म्हणून ही मदत नाकारणारे ज्येष्ठ मी फार पाहते. लिफ्ट बंद असलेल्या दिवशी त्याची किंमत गुडघे मोजतात. तेव्हा हे आजोबांना विचारू नका, परस्पर नोंदवून टाका.

कागदपत्रं. सहाही पासपोर्ट बाबांच्या एका बॅगेत, ही आपल्याकडची जवळपास सार्वत्रिक पद्धत मला अजिबात पसंत नाही. ती एक बॅग गेली की सगळं कुटुंब एकदम अडकतं. तीन आईकडे, तीन बाबांकडे, आणि पासपोर्ट व व्हिसाच्या पानांच्या रंगीत प्रती तिसऱ्याकडे. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथून मिळणारं आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं असतं, त्यावर पुढची सहल होत नाही.

व्हिसावर मुदतीच्या तारखा आणि राहण्याचे दिवस असे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही पाळावे लागतात आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही मोजला जातो. अर्ज करताना परतीच्या तारखेपुढे थोडे दिवस मागा. वाटेत लंडनला जाऊन येऊ असा विचार आला तर लक्षात ठेवा, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकताच तो संपतो, शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा. क्रोएशिया २०२३ पासून आणि बल्गेरिया, रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत, तिकडे वाट वाकडी केलीत तर ही अडचण नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. रांगा लांबतात, म्हणून उतरल्या दिवशीची पुढची गाडी काढू नका, त्या रात्री त्याच शहरात राहा.

विमानाचं काही बिघडलं तर युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम लागू होतो. कंपनीच्या दोषानं तीन तासांहून जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो प्रत्येकी. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर ही रक्कम मिळत नाही, पण जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. २०१० साली आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश बंद झालं होतं, तेव्हाही हे कर्तव्य टळत नव्हतं, असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०१३ मध्ये दिला. म्हणून पावत्या जपून ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा. मोडलेल्या बॅगेसाठी ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ती मिळाल्यापासून २१ दिवसांत दावा करायचा असतो.

राहिला शेवटचा प्रश्न. आजी-आजोबांना महिन्याभरानं परत पाठवायचं हे आत्ताच ठरवू नका, आणि त्यांच्या वतीनं तर नकोच. तुमच्या आराखड्यात मधोमध एक आख्खा आठवडा एकाच घरात काढा, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेल्या. जागा म्युनिकजवळ निवडा, तिथून फ्रँकफर्ट थेट गाडीनं गाठता येतं आणि फ्रँकफर्टहून भारतात थेट विमान आहे. दोघांची परतीची तिकिटं तारीख बदलता येणारी घ्या, जरा महाग पडली तरी. त्या आठवड्यात कुठेही न जाता तीन दिवस झाले की त्यांना विचारा. पहिल्या दिवशी विचारलंत तर दमलेला माणूस घरीच जातो म्हणणार. मला वाटतं ते राहतील. बहुतेक वेळा मुलांचे आईवडीलच आधी थकतात, कारण सगळ्या बॅगा आणि सगळे निर्णय ते एकटेच उचलत असतात. त्या आठवड्यात एक दिवस नातवंडांना आजी-आजोबांकडे सोपवा आणि तुम्ही दोघं बाहेर पडा.